निशाणी ५ चा अर्ज : निकालाआधीची मनाई मिळते कशी, टिकते कशी

१८ ऑगस्ट २०२५ पासून मुंबई उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच कोल्हापुरात सुरू झालं. सातारा, सांगली, कोल्हापूर, सोलापूर, रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग या सहा जिल्ह्यांच्या पक्षकारांची मुंबईवारी त्यामुळे वाचली, ते चांगलंच झालं. पण तेव्हापासून आमच्याकडे एक नवं वाक्य कानावर येऊ लागलंय : "स्टे आणायला आता कोल्हापूरच की, सकाळी जाऊन संध्याकाळी परत."

तसं नसतं. शेताची वाट, सामाईक विहीर, भावाभावांतलं वाटप, बांधावरचं बांधकाम या भांडणांतला स्टे आधी तालुक्याच्या कोर्टातच मागावा लागतो. तासगाव, विटा, कराड, फलटण, जिथली जमीन तिथलं कोर्ट. कोल्हापूरची पायरी बरीच नंतरची. आणि तालुक्याच्या कोर्टात हा स्टे ज्या एका अर्जावर मिळतो किंवा हुकतो, तो अर्ज नेमका काय आहे हे तारखांना वर्षानुवर्षं जाणाऱ्या माणसालाही अनेकदा कुणी सांगितलेलं नसतं.

दावा चालेल तोवर काय?

दोघा भावांत एका म्हशीवरून वाद आहे असं धरा. चार जाणती माणसं बसली, पण कागद नाहीत, साक्षीदार परगावी, निवाडा आज होत नाही. मग ती एवढंच सांगतात : म्हैस आज ज्याच्या दावणीला आहे तिथेच राहू द्या. कुणी विकायची नाही, बाजाराला न्यायची नाही, सोडून न्यायलाही यायचं नाही. म्हैस कुणाची, यावर ते काहीच बोललेले नाहीत. पण निवाडा होईपर्यंत दूध कुणाच्या घरात जाणार हे मात्र ठरून गेलं.

दिवाणी कोर्टाचा तात्पुरता मनाई हुकूम एवढंच करतो. दावा दाखल करणारा तो वादी, ज्याच्यावर केला तो प्रतिवादी. वादी दाव्यासोबतच एक वेगळा अर्ज देतो : निकाल लागेपर्यंत प्रतिवादीने वाट अडवू नये, जमीन विकू नये, बांधकाम करू नये. दिवाणी प्रक्रिया संहिता, १९०८ मधल्या ऑर्डर ३९ च्या नियम १ आणि २ खाली हा अर्ज चालतो. कोर्टाच्या फायलीत प्रत्येक कागदाला नंबर पडतो, त्याला निशाणी म्हणतात. दावा निशाणी १, आणि मनाईच्या अर्जाला आपल्याकडे वहिवाटीने ५ हा नंबर. म्हणून वकील एकमेकांना विचारतात, "पाचचं काय झालं?"

गावात आपण सगळ्यालाच स्टे म्हणतो. काटेकोरपणे बोलायचं तर एखाद्या कोर्टाच्या किंवा अधिकाऱ्याच्या आदेशाची अंमलबजावणी थांबते ती स्थगिती, माणसाला एखादी कृती करण्यापासून रोखलं जातं ती मनाई, आणि दोन्ही बाजूंना आहे तिथेच थांबवलं जातं तो 'जैसे थे' आदेश. हा तिसरा प्रकार सगळ्यात फसवा. 'जैसे थे' म्हणजे नेमकं कसं, वाट उघडी होती की बंद, ताबा कुणाचा, हे आदेशात लिहिलं नसेल तर दोन्ही पक्ष तोच कागद दाखवून भांडत बसतात. तुमच्या वकिलांना आग्रहाने सांगा : परिस्थिती काय आहे ते आदेशात लिहून घ्या.

कोर्ट बघतं काय?

समजा, तासगाव तालुक्यातली एक द्राक्षबाग. बागेकडे जाणारी गाडीवाट शेजारच्या गटातून जाते. शेजाऱ्याने एके दिवशी वाटेवर मुरमाचा ढीग टाकला आणि आडवी चर मारायला जेसीबी ठरवला. बागवाला कोर्टात जातो. न्यायाधीश इथे पूर्ण पुरावा घेत नाहीत, साक्षीदार पिंजऱ्यात उभे राहत नाहीत. कागद, प्रतिज्ञापत्रं आणि दोन्ही वकिलांचा युक्तिवाद एवढ्यावर तीन गोष्टी पाहिल्या जातात.

पहिली, प्रथमदर्शनी केस. वादीचं म्हणणं शेवटी खरं ठरेलच असं नाही, पण चौकशी करण्याजोगं त्यात काही आहे का? इथे कागद बोलतात. सातबारा लोक पहिल्यांदा काढतात, पण गाडीवाट सातबाऱ्यावर असतेच असं नाही. असलीच तर इतर हक्कांच्या रकान्यात. त्यापेक्षा जुनं खरेदीखत उपयोगी पडतं, त्याच्या चतुःसीमेत 'उत्तरेस गाडीवाट' असे दोन शब्द असतील तर. गटाचा नकाशा, मोजणीची 'क' प्रत, वाटपपत्र, आजूबाजूच्या चार खातेदारांची प्रतिज्ञापत्रं हेही त्यातच येतं.

दुसरी, सोयी-गैरसोयीचा तोल. मनाई दिली तर शेजाऱ्याचं किती बिघडतं आणि नाकारली तर बागवाल्याचं किती? वाट आधीपासून वापरात असेल तर ती आणखी काही काळ वापरात राहिल्याने शेजाऱ्यावर नवं काही कोसळत नाही. उलट बागवाल्याची गाडीच आत जाऊ शकणार नाही.

तिसरी गोष्ट सगळ्यात अवघड : भरून न येणारं नुकसान. इथे शेतकऱ्याची समजूत आणि कोर्टाचा हिशोब जुळत नाही. "साहेब, दहा टन माल सडला" हे शेतकऱ्याला भरून न येणारं वाटतं. कोर्ट म्हणू शकतं की दहा टनांचे पैसे मोजता येतात, नुकसानभरपाई मागा. म्हणून अर्जात नुसतं मालाचं नुकसान लिहून भागत नाही. बागेला दुसरी वाटच नाही, फवारणीचा ट्रॅक्टर आत जात नाही, वाट एकदा नांगरून घेतली की तिची खूणही उरणार नाही, हे लिहावं लागतं. पैशांत मोजता न येणारं नुकसान ते हे.

या तिन्ही गोष्टी एकत्र हव्यात, हे सर्वोच्च न्यायालयाने दलपत कुमार विरुद्ध प्रल्हाद सिंग (१९९२) या खटल्यात स्पष्ट केलं आणि तालुक्याच्या कोर्टांतले निशाणी ५ वरचे आदेश अजूनही त्याच क्रमाने लिहिले जातात. या तिन्हींत न मोजलेली पण प्रत्यक्षात फार जड असलेली आणखी एक गोष्ट आहे : तुम्ही काही लपवलंत का? आधीचा दावा, आधीचं वाटप, तहसीलदारांचा विरोधात गेलेला आदेश लपवून मनाई मागितली आणि समोरच्याने तो कागद पुढे टाकला, की बाकीच्या तीन गोष्टींपर्यंत बहुतेक वेळा जावंच लागत नाही.

मालकी माझी आहे, मग मनाई त्याला कशी?

हा प्रश्न मला सगळ्यात जास्त वेळा विचारला जातो, आणि विचारणारा चिडलेला असतो. उत्तर म्हशीच्या गोष्टीत आहे : निवाडा होईपर्यंत दावण बदलत नाही. निशाणी ५ वर कोर्ट मुख्यतः पाहतं की दावा दाखल झाला त्या दिवशी प्रत्यक्ष ताबा कुणाचा होता, वहिवाट कशी होती. मालकी कुणाची हे पुढे साक्षीपुराव्यानंतर ठरायचं. मालक असलात तरी शांतपणे ताब्यात बसलेल्या माणसाला चार पोरं नेऊन हुसकावता येत नाही, त्यासाठी ताब्याचा दावा करावा लागतो. आणि मालकीवरच गंभीर वाद असेल तर नुसत्या मनाईचा दावा पुरत नाही, मालकी जाहीर करून मागावी लागते. सर्वोच्च न्यायालयाने २००८ च्या अनाथुला सुधाकर खटल्यात हे नीट उलगडून सांगितलंय.

याची एक काळी बाजू आहे. ताब्याला एवढं महत्त्व आहे म्हटल्यावर काही जण रातोरात ताबा 'तयार' करतात. शनिवारी संध्याकाळी तारेचं कुंपण, रविवारी पत्र्याचं शेड, सोमवारी कोर्टात 'माझाच ताबा'. म्हणून ढीग पडला त्याच दिवशी फोटो काढा, तारीख आणि ठिकाण दिसेल असे. पोलीस पाटील किंवा ग्रामपंचायतीकडे लेखी अर्ज देऊन पोच घ्या. कोर्ट कमिशनर नेमून जागेची पाहणी करून घेता येते, पण तुमच्यासाठी पुरावा गोळा करणं हे कमिशनरचं काम नाही असं म्हणून कोर्टं तो अर्ज पुष्कळदा नाकारतात.

आणि उशीर करू नका. चर मारायच्या आधी गेलात तर 'मारू नये' एवढंच मागायचं असतं. मारून झाल्यावर गेलात तर 'बुजवून द्या' म्हणावं लागतं. निकालाआधीच काहीतरी करायला लावणारा असा आदेश कोर्ट फार क्वचित देतं आणि त्यासाठी साध्या मनाईपेक्षा कितीतरी भक्कम केस लागते.

समोरच्याला न ऐकताच आदेश? हा अन्याय नाही का?

नियम समोरच्याला नोटीस देण्याचाच आहे. एकतर्फी आदेश हा अपवाद. नोटीस पोचेपर्यंत अर्जाचा हेतूच निकामी होईल, म्हणजे जेसीबी उद्या सकाळी येणार असेल, तर नियम ३ खाली कोर्ट एकतर्फी मनाई देऊ शकतं. पण त्याची कारणं आदेशात लिहावी लागतात. वादीला दावा, अर्ज, प्रतिज्ञापत्र आणि कागदांच्या प्रती लगेच प्रतिवादीला द्याव्या किंवा रजिस्टर पोस्टाने पाठवाव्या लागतात आणि तसं केल्याचं प्रतिज्ञापत्र त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी कोर्टात द्यावं लागतं. एकतर्फी आदेश दिल्यावर ३० दिवसांत मूळ अर्ज निकाली काढण्याचा प्रयत्न कोर्टाने करायचा, असं नियम ३अ सांगतो.

प्रत्यक्षात घडतं कसं? पुकारा होतो. वादीचे वकील निकड सांगतात. न्यायाधीश फाईल चाळून बहुधा 'कारणे दाखवा' नोटीस काढतात आणि जवळची तारीख देतात. बेलिफ नोटीस घेऊन गावात जातो, प्रतिवादी घरात नसतो किंवा नसल्याचं सांगतो. मग पुढची तारीख. प्रतिवादी हजर झाला की 'से' देण्यासाठी, म्हणजे अर्जावर म्हणणं मांडण्यासाठी मुदत मागतो. पुन्हा मुदत मागतो. शेवटी 'नो से'चा, म्हणजे म्हणणं आलंच नाही असा आदेश होतो, तो रद्द करून घ्यायला पुन्हा एक अर्ज आणि थोडी कॉस्ट, म्हणजे खर्चाची रक्कम. तीस दिवस कधीच मागे पडलेले असतात. महाराष्ट्रात तर २०१८ पर्यंत संहितेत राज्यापुरतं कलम ९अ होतं. या टप्प्यावर प्रतिवादीने कोर्टाच्या अधिकारक्षेत्राचा मुद्दा काढला की आधी तो निकाली काढणं भाग असे आणि पाचचा अर्ज तोवर लटकलेला राही. ते कलम गेलं हे बरंच झालं.

तुमच्याविरुद्ध एकतर्फी आदेश झाला असेल तर नियम ४ खाली तो उठवण्याचा किंवा बदलण्याचा अर्ज करता येतो. वादीने महत्त्वाच्या बाबतीत जाणूनबुजून खोटं किंवा दिशाभूल करणारं सांगून असा आदेश मिळवल्याचं दिसलं, तर तो उठवणं हाच नियम आहे. तसाच ठेवायचा तर कोर्टाला कारणं द्यावी लागतात.

कॅव्हेट टाकलं की निर्धास्त?

अर्धवट. भाऊ कोर्टात जाणार अशी कुणकुण लागली तर दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम १४८अ खाली कॅव्हेट दाखल करता येतं. त्याचा अर्थ एवढाच : माझ्याविरुद्ध अर्ज आला तर मला ऐकल्याशिवाय आदेश करू नका. कॅव्हेटची प्रत समोरच्याला रजिस्टर पोस्टाने पाठवावी लागते आणि ते ९० दिवस चालतं. मग नवीन टाकायचं. कॅव्हेटने दावा थांबत नाही, मनाई मिळणार नाही असंही नाही. आणि ज्या कोर्टात दावा येणार त्याच कोर्टात ते हवं. दावा वरिष्ठ स्तर कोर्टात आणि कॅव्हेट कनिष्ठ स्तरात, असं झालं तर त्याचा उपयोग शून्य.

हुकूम हातात आहे, तरी जेसीबी चालला

मग लोक पोलीस ठाण्यात धावतात आणि तिथे "हे दिवाणी आहे" ऐकून परत येतात. मार्ग दोन. मनाई मोडल्याचा अर्ज ऑर्डर ३९ च्याच नियम २अ खाली त्याच कोर्टात करता येतो. सिद्ध झालं तर मालमत्ता जप्त होऊ शकते आणि तीन महिन्यांपर्यंत दिवाणी कैद होऊ शकते. ही शिक्षा असल्यामुळे पुरावाही तसाच लागतो : आदेशाची माहिती समोरच्याला होती, आणि तरीही त्याने तो मोडला. तेव्हा आदेशाची सही-शिक्क्याची नक्कल त्याला पोचवल्याचा कागद जपून ठेवा. दुसरा मार्ग, आदेशाच्या अंमलासाठी पोलीस मदत मिळावी असा अर्ज. कोर्टाचा तसा आदेश घेऊन गेलात की ठाण्यातलं उत्तर बदलतं.

उलट बाजूही आहे. पुरेशा कारणाशिवाय मनाई मिळवून समोरच्याला त्रास दिला असेल तर त्याच संहितेच्या कलम ९५ खाली ५० हजार रुपयांपर्यंत भरपाई देववता येते. हे कलम कुणी फारसं वापरत नाही. वापरायला हवं असं माझं मत आहे.

सहा महिन्यांनी स्टे आपोआप उठतो ना?

नाही. हा गैरसमज कुठून आला ते सांगता येतं. २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एशियन रिसरफेसिंग खटल्यात म्हटलं होतं की खालच्या कोर्टातल्या खटल्याला मिळालेली स्थगिती सहा महिन्यांत वाढवून घेतली नाही तर संपेल. तेव्हाही ते निशाणी ५ बद्दल नव्हतं. २९ फेब्रुवारी २०२४ रोजी पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने तो निर्णयच फिरवला. आज मनाई किंवा स्थगिती कधीपर्यंत हे तिच्या आदेशात लिहिलेलं असतं. 'पुढील तारखेपर्यंत' असं लिहिलं असेल तर त्या तारखेला वाढवून घ्या, 'दाव्याच्या निकालापर्यंत' असेल तर निकालापर्यंत.

शेतवाटेसाठी तहसीलदार, महामार्गासाठी वेगळा नियम

शेताची वहिवाटीची वाट अडवली असेल तर कोर्टाआधी तहसीलदारांकडे जाता येतं. मामलेदार कोर्ट कायदा, १९०६ च्या कलम ५ खाली ते अडथळा काढायचा आणि पुन्हा न करण्याचा आदेश देऊ शकतात. अडथळा झाल्यापासून सहा महिन्यांच्या आत जावं लागतं. हा मार्ग स्वस्त आहे, अधिकारी जागेवर येऊन पाहतो. मात्र दिवाणी कोर्टाचा हुकूमनामा त्यावर वरचढ ठरतो. वाट आधी नव्हतीच आणि बांधावरून नवी हवी असेल तर तो महसूल संहितेच्या कलम १४३ चा वेगळा अर्ज. दोन्ही अर्जांची गल्लत केल्यामुळे फेटाळलेली प्रकरणं कमी नाहीत.

रस्ते, वीज, पाणी यांसारख्या पायाभूत प्रकल्पांना मात्र दिवाणी कोर्टाची मनाई मिळणं आता जवळजवळ बंद झालंय. स्पेसिफिक रिलीफ कायद्यात २०१८ साली आलेलं कलम ४१(एचए) सांगतं की प्रकल्पाला अडथळा किंवा उशीर होईल अशी मनाई देऊ नये. महामार्गात जमीन जाणाऱ्यांनी म्हणूनच मोजणी, मोबदला आणि त्यावरच्या हरकतींच्या मुदतींकडे आधी लक्ष द्यावं.

पाचचा अर्ज नामंजूर झाला, आता?

दिवाणी न्यायाधीशांच्या या आदेशावर जिल्हा न्यायालयात ३० दिवसांत अपील होतं. सांगलीकरांना सांगलीत, सातारकरांना साताऱ्यात. पण 'मी असतो तर वेगळा आदेश दिला असता' एवढ्यावर अपिलात आदेश बदलत नाही. खालच्या कोर्टाने मनमानी केली, कागद पाहिलाच नाही, कायदा सोडून गेलं असं दाखवावं लागतं. त्यावर दुसरं अपील नाही. उरते घटनेच्या अनुच्छेद २२७ खालची रिट याचिका, आणि ती आता कोल्हापूरला. तिथली कसोटी याहून कडक. म्हणूनच पहिल्या अर्जाला कोणते कागद जोडले आणि त्यात काय लिहिलं, यावर पुढचं जवळपास सगळं ठरतं.

वाटपाच्या दाव्यात मनाई मिळाली नाही आणि भावाने जमीन विकली, तरी सगळं संपत नाही. दाव्याची नोटीस सब-रजिस्ट्रारकडे नोंदवून ठेवली असेल तर दावा चालू असताना घेणारा निकालाला बांधला जातो. मग घेणाऱ्याला 'मला माहीत नव्हतं' म्हणायला जागा राहत नाही. गिऱ्हाइकं निम्मी तिथेच गळतात.

मनाई मिळाल्यावर विसरले जाणारे अर्ज

मनाई मिळाली की वादीचं लक्ष दाव्यावरून उडतं, दूध घरात येत असतं ना. तारखेला जायचं बंद होतं, आणि मग दावा गैरहजेरीत निकाली निघतो. सगळ्यात जास्त घात होतो तो वारसांच्या अर्जात. वादी किंवा प्रतिवादी मयत झाला तर त्याचे वारस ९० दिवसांत रेकॉर्डवर आणावे लागतात. नाही आणले तर दावा त्या व्यक्तीपुरता अबेट होतो, म्हणजे विझतो. त्यानंतरच्या ६० दिवसांत ते रद्द करून घेता येतं. तेही हुकलं तर उशीर माफीचा अर्ज आणि प्रत्येक दिवसाचं कारण. एकट्या वादीचा दावा असा विझला की पाचच्या अर्जावरची मनाईही त्याच्याबरोबर जाते, आणि शेजाऱ्याला हे तुमच्या आधी कळतं. ९० दिवस मृत्यूच्या तारखेपासून मोजतात, दाखला मिळाल्यापासून नाही. तेव्हा घरातलं दुःख बाजूला ठेवून एकाने वकिलांना फोन करावा, दाखला आणि वारसांची नावं-पत्ते नंतर पोचवले तरी चालतील.